न धुतलेली ट्रॉली

तारीख १३ जून. भरपाई म्हणून मी मागितलेली रक्कम सत्तर हजार. हजर तिघे: मी, यवतहून आलेले जनावरांचे डॉक्टर आणि माझा चुलत भाऊ. वरवंडच्या आमच्या गोठ्यात गाय आडवी पडली होती.

ट्रॉली भावाची. निमोण्याच्या पोल्ट्री शेडवरून तो तिच्यातून कोंबडखत वाहतो. मेलेल्या कोंबड्या पुरायचा कंटाळा, म्हणून त्याही खतातच टाकतो. त्याच ट्रॉलीतून त्याने मला गाईच्या चाऱ्यासाठी मक्याची कुट्टी विकली. गव्हाणीत पिसं सापडली तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी गाईची जीभ बाहेर ओढली. ती तशीच लोंबत राहिली.

"तिला सगळं कळतंय," ते म्हणाले, "पण हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. नसेच्या टोकाला हुकूम नेणाऱ्या रसाच्या बारीक पिशव्या असतात. पिशवी भिंतीला चिकटते, रिकामी होते, आत ओढली जाते, पुन्हा भरते. तुमचे डेअरीचे कॅन जातात-येतात तसं. पिशवीला भिंतीशी अडकवणारी प्रथिनं असतात, आकड्यासारखी. सडलेल्या कोंबडीतलं विष नेमकी तीच कापतं. मग पिशव्या भरलेल्या, पण एकही उघडत नाही."

"कापतं म्हनं!" भाऊ हसला. "ह्या आप्पानं चाऱ्यात युरिया जादा टाकला आसंल."

"मी युरिया तोलून टाकतो. या कुट्टीत टाकलाच नव्हता. पिसं काय युरियाची निघाली?"

"वाऱ्यानं आली असत्याल."

"निमोण्यापासून? ट्रॉली धुतली होतीस का, तेवढं सांग."

"मदी पाऊस झाला की."

"पावसानं हे विष जात नाही," डॉक्टर सलाईन लावता लावता म्हणाले. "यावरचं औषध इथं मिळायचं नाही. श्वासाचे स्नायू टिकले तर उठेल."

"मंग उठू द्या आधी," भाऊ म्हणाला. "उठली तर सत्तर हजार कशाचं?"

ती उठली नाही. दोन दिवसांनी डोळे उघडे असतानाच तिचा श्वास थांबला. भाऊ बांधावर आला तो एवढंच म्हणायला, "आप्पा, ओढ्यात टाकू. कुत्री खात्याल, फुकटात काम."

"तुझ्या कोंबड्यांचं झालं तेच हिचंही करायचं? चालता हो."

खोल खड्डा घेऊन पुरली. सत्तर हजारांतला एक रुपया आला नाही. शेवटी दिले गेले ते अठराशे, जेसीबीवाल्याला, माझ्या खिशातून.