मागच्यासाठी थांबणारा पडदा

एकट्या आलेल्या गिऱ्हाइकाला काका खेळू देत नसत. आर्वीच्या एसटी स्टँडमागे, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन टीव्ही, प्रत्येकाला जोडलेला कॅसेटवाला डबा आणि प्रत्येक डब्याला दोन रिमोट. हातात धरायच्या त्या बटणांच्या पट्टीला आम्ही रिमोटच म्हणायचो. कोणी एकटा आला की काका विचारायचे, "दुसरा कोण हाय?" कोणी नाही म्हटलं की, "मंग बस. येईनच कोणी तरी." आणि पुढचा जो एकटा येईल त्याला याच्या शेजारी बसवायचे, ओळख असो वा नसो. लोक त्यांना जोडीवाले काका म्हणायचे. धंदा कसा करावा हे त्यांना शिकवायला कित्येक जण आले आणि शेवटी तेही रिमोट घेऊन कोणाच्या तरी शेजारी बसले.

मी तिथे कशी पोचले ते सांगते, कारण त्याशिवाय माझं कॉलेज झालं नसतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्ग दुपारी सुटायचे आणि आमच्या गावाची बस थेट संध्याकाळी. मधल्या वेळात मुलीच्या जातीने स्टँडवर बसायचं तर तंबाखूचा खर्रा खाऊन थुंकणाऱ्यांच्या नजरा सोसत बसायचं. एकदा पाऊस आला म्हणून मी काकांच्या पायरीवर उभी राहिले. त्यांनी विचारलं, "दुसरं कोण हाय?" मी म्हटलं, "मी खेळायला नाही आले." ते आत वळून ओरडले, "अवं, ये वो बाहीर. एक पोरगी एकटी हाय."

काकू आल्या. हाताला कणीक. ती पदराला पुसली, गुडघा उभा करून सतरंजीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बस वो माय. मले लय येत नाई, सांभाळून घेजो." बायामाणसं, म्हातारी माणसं, लाजरी पोरं, ज्यांची जोडी जमत नसे त्यांच्या जोडीला काकू. हाच त्या दुकानाचा कणा होता. पोळ्या तव्यावर असल्या तरी त्या गॅस बंद करून यायच्या.

मुलगी आर्वीत तासन् तास कुठे बसते ते पाहायला एक दिवस माझे बाबा आले. रागातच होते, माझं कॉलेज बंद करायचं ठरवूनच. काकांनी त्यांनाही विचारलं, "दुसरा कोण हाय?" बाबा म्हणाले, "मी पोरीले न्यायले आलो." काका म्हणाले, "बस यायची हाय न अजून? मंग बसा." बाबा काकूंच्या शेजारी बसले. पडद्यावरच्या माणसाला उडी मारायची असली की बाबा रिमोटसकट स्वतः वर उठायचे. काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमी नोका उडू, त्याले उडू द्या." खोलीतली सगळी पोट्टी हसली. बसमध्ये बाबांनी तिकिटं काढली. मग एवढंच म्हणाले, "ते बाई चांगली हाय." त्यानंतर कॉलेज सोडायचा विषय घरात निघाला नाही. गेम खेळून पोरं बिघडतात असं कोणी मला सांगितलं तर मी तोंडावर सांगते, मी बी.कॉम. झाले ती त्या खोलीमुळे.

काकांना गेममधलं काय आवडायचं तेही वेगळंच. बंदुका, गाड्या, चित्रं कशी दिसतात याचं त्यांना काही नव्हतं. एका जुन्या कॅसेटवर ते खूश होते, कारण तीत एक जण मेला की जोडीदाराकडची लाइफ, म्हणजे शिल्लक जीव, त्याला घेता यायची. बटण दाबलं की झालं. काकांचा मात्र नियम होता, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून ज्यांच्या घरांचं बोलणं बंद होतं असे दोन चुलतभाऊ एकदा वेगवेगळे, एकटे आले. काकांनी त्यांना एका सतरंजीवर बसवलं. दोघं समोर बघत खेळत राहिले. मग मोठा मेला. धाकट्याजवळ लाइफ शिल्लक होत्या. मोठ्याने रिमोट खाली ठेवला, परत उचलला, घसा खाकरला. "देतो का?" "घे न बे. विचारतो काऊन?" काका भिंतीकडे तोंड करून उगाच वायर गुंडाळत बसले. घरं काही बोलू लागली नाहीत. पण ते दोघं यायचे.

त्यांची सगळ्यात लाडकी कॅसेट मात्र दुसरी होती. दोन माणसं जंगलातून चालत निघतात, एक निळ्या सदऱ्यातला आणि एक लाल. पहिला पूर्ण टप्पा कोणी मारायला येत नाही, वेळेचं बंधनही नसतं. नुसतं चालायचं. पण एक पुढे पळाला तरी मागचा आल्याशिवाय पडदा सरकत नसे. पुढचा कडेला जाऊन थबकायचा. काकू कायम लाल. आणि काकू चालायच्याच नाहीत. झाडाखाली थांबायच्या, धबधब्यासमोर थांबायच्या. शेजारचं पोट्टं कावून म्हणायचं, "काकू, चाला न आता!" "थांब नं बापू. पाहू दे मले, काय हाय इथं ते."

"याले म्हणते गेम," काका म्हणायचे. "मागच्यासाठी पडदा थांबला पाहिजे." नव्या गेममध्ये मागे राहिलेला आपोआप मरतो, नाहीतर त्याला पडद्यावर वेगळा चौकोन करून देतात, हे त्यांना अजिबात पटत नसे. "एका सतरंजीवर बसाचं आन दोन गावाले जाचं, याले काय अर्थ हाय?" ही कल्पना कोणीतरी परत आणली पाहिजे, असं ते येईल त्याला सांगायचे. मलाही सांगायचे. मी हिशेब शिकत होते, गेम कुठून बनवणार? पण ते सांगायचे.

पदवी झाली. मी हिंगणघाटला एका कापूस-जिनिंगच्या ऑफिसात अकाउंट पाहू लागले, तिथेच खोली घेतली. मधल्या काळात काकू गेल्या. साधा ताप म्हणून वर्ध्याला नेलं होतं, परत आणलंच नाही. दुकान बंद झालं ते मोबाइलमुळे, असं आर्वीत सगळे म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. एकटा माणूस पायरीवर आला की आत वळून कोणाला हाक मारायची, हा प्रश्न त्यांना सुटला नाही.

एका रविवारी मी भेटायला गेले. दोन टीव्ही चादरीखाली, तिसरा चालू. तीच जंगलाची कॅसेट. दोघांचा खेळ लावलेला. निळा पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन अडलेला आणि लाल डावीकडे, सुरुवातीच्या जागी उभी. दुसरा रिमोट सतरंजीवर. काका बटण दाबत होते, निळा जागच्या जागी पाय हलवत होता.

मी म्हटलं, "काका, एकट्याचा खेळ लावा न."

"एकट्याचा लावला तं ते कुठी जाईन?"

त्या रिमोटला हात लावायची मला हिंमत झाली नाही. थोड्या वेळाने म्हटलं, "मी बसू का?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "तुह्या बसची वेळ झाली असन." बसला तासभर होता. जगभरच्या एकट्यांना शेजारी बसवणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी 'बस थोडी' म्हणता येत नव्हतं. नंतरच्या रविवारीही तसंच. चहा करायचे, माझ्या पगारवाढीची चौकशी करायचे, आणि मी सतरंजीकडे पाहिलं की बसची आठवण द्यायचे.

त्यांचा मुलगा नितीन पुण्यात आयटीत. मनाने चांगला. त्याने वडिलांसाठी नवा, महागडा डबा पाठवला, कानाला लावायच्या यंत्रासकट. इंटरनेटवरून जगात कोणाशीही जोडी लावा. काकांनी इमानदारीने लावून पाहिला. कुठलासा मुलगा होता, हिंदीत शिव्या देत होता, पण खेळायचा छान.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. त्याचा खांदा लागत नाई."

यंत्र परत खोक्यात गेलं. निळा पुन्हा कडेला जाऊन उभा राहिला. मग पडवीत पाय घसरून काका पडले आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला कळलं, तेव्हा नितीनने ठरवून टाकलं. घराला कुलूप, काका पुण्याला. ते नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.

सामान बांधायला मी रजा टाकून गेले. भांडी झाली, कपडे झाले. शेवटी तो टीव्ही उरला. नितीन वायर काढायला वाकला तसे काका म्हणाले, "थांब जरासा." त्यांनी जंगलाची कॅसेट लावून निळ्याचा रिमोट माझ्या हातात दिला. खाली बसायला त्यांना वेळ लागला. मग सतरंजीवरचा दुसरा रिमोट त्यांनी स्वतः उचलला, अंगठ्याने त्यावरची धूळ पुसली.

"चाल तू," म्हणाले. "मी येतो मांगून."

लाल चालायला लागली. झाडाखाली थांबली. मीही थांबले. पुढे धबधब्यासमोर थांबली, आणि काका पाहत राहिले, चांगला वेळ. नितीन दारात बाकीच्या वायरींची गुंडाळी हातात घेऊन उभा होता. टप्पा संपत आला तेव्हा काकांनीच उठून बटण बंद केलं. "बाकीचं राहू दे. गाडीले उशीर होईन."

पुण्याहून त्यांचा फोन येतो, दुपारी, मुलगा-सून कामावर गेले की. बाराव्या मजल्यावर घर आहे. पहिले काही महिने एकच तक्रार होती. "इथं दारंच बंद राह्यतात वो पोरी. लिफ्टमंदी भेटते माणूस, तं आकड्याकडं पाह्यते." समोरच्या घरी एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहतात, दूध आत घ्यायला तेवढे दिसतात, हे त्यांनी मला तीन-चारदा सांगितलं. "मग जा न," मी म्हणायची. "काऊन जाऊ? काय म्हणू त्यायले?" आणि विषय बदलायचे.

गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा आवाज घुमत होता, जिन्यातून आल्यासारखा.

"कुठे आहात, काका?"

"बाहीर हावो. समोरच्यायच्या दारापाशी."

"काही पाहिजे होतं का?"

"जंगलाची कॅसेट लावून ठेवली हाय घरी टीव्हीवर. एक रिमोट आणला सोबत." मग थोडं हळू, "बेल वाजोली म्या. आता पळून जाता येत नाई, म्हणून तुले फोन लावला."

"काय म्हणणार आहात त्यांना?"

"तेच तं समजून नाई राह्यलं. तू सांग न, काय म्हणू?"

मी काही सुचवायच्या आत तिकडे कडी सरकल्याचा आवाज आला.

"ठेव आता," काका म्हणाले. "दार उघडून राह्यलं."