मेलेल्यांचं मंडळ

बोरीतल्या आमच्या लिंगायत आळीत एक मंडळ होतं, आणि ते फक्त मेलेल्यांचं होतं. निजामाच्या राज्यात गरिबाला कोण विचारतो, म्हणून दुकानदारांनी ते काढलेलं. कुणी गेलं की डोली, फुलं, विभूती, खड्डा खणणारे, भजन, सगळा भार मंडळाचा. माझे यजमान त्याचे पुढारी. आमच्या आळीत मयताची हेळसांड होत नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे. मलाही त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू?

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. शेजारी एक विधवा मावशी एकटी राहायची, घरोघरी शेवया करून पोट भरायची. सकाळी तिला जुलाब सुरू झाल्याचं कळलं आणि आळीतली दारं धडाधड लागली. दुपारी कुणीतरी तिच्या खिडकीतून डोकावलं. हाक मारली तर ओ नाही, डोळे फिरलेले. गेली म्हणाले. ती गेली म्हटल्यावर मात्र सगळी दारं उघडली आणि मंडळ धावलं.

आमच्यात मयताला नीट अंघोळ घालून, भिंतीला टेकवून बसवतात, आडवं ठेवत नाहीत. साथीच्या भीतीनं अंघोळ लांबूनच तांब्याभर पाण्यात उरकली. बसवली मात्र झोकात! कपाळभर विभूती, गळ्यात कण्हेरीची माळ, समोर टाळांचा गजर. शेवटी आळीतल्या मठाच्या स्वामींनी तिच्या गळ्यातलं इष्टलिंग सोडून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

बोटं मिटली.

मी अगदी समोर होते. मीच ओरडले, "आवं, बोटं हलायलीत!" टाळ खाली पडले. माणसं एकमेकांना तुडवत बाहेर धावली, त्यात सगळ्यांत पुढं आमचे पुढारी.

"पळायलाव कुठं? जित्ती हाय ती!" सासूबाई गरजल्या. त्यांनी मावशीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मीठ-गुळाचं पाणी थेंबथेंब पाजायला बसल्या. गावाबाहेर खड्डा खणून तयार होता. आणखी घटकाभर गेली असती तर आम्ही त्या बाईला फुलं उधळत, भजन म्हणत जिवंत पुरलं असतं.

मावशी वाचली. यजमान खाली मान घालून भेटायला गेले, तर ती म्हणाली, "मला समदं ऐकू येत व्हतं दादा. भजन लय ग्वाड म्हनलं तुमी. पन सकाळपासनं म्या पानी पानी करत व्हते, तवा एक बी आलं न्हाई."

ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मठाच्या ओसरीत बाजा टाकल्या आणि आजाऱ्यांजवळ बसायच्या पाळ्या लावल्या. आधी लोक टाळाटाळ करत, मग सरावले. मावशी तिथंच राहायला गेली. हिवतापाचे, बाळंतरोगाचे, कुठल्याही जातीचे लोक येऊ लागले. दुकानादुकानातून पसा-पसा धान्य यायचं. रझाकारांच्या धामधुमीत घरं सोडून आलेल्यांनी ओसरी भरली, तेव्हा मागं पत्रे ठोकून आणखी जागा केली. लोक त्याला अजून मेलेल्यांचंच मंडळ म्हणायचे. मावशीला त्याचं हसू यायचं.

निजामाचं राज्य गेलं त्याच हिवाळ्यात मावशी गेली. या वेळी तिचा हात माझ्या हातात होता. अंघोळ मीच घातली, ऊन पाण्यानं, सावकाश. ओसरीत बसवली. स्वामींनी तळहातावर लिंग ठेवलं आणि आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत राहिलो. बाजांवरचे आजारीसुद्धा उठून बसले होते. टाळ उचलायला कुणाचा हात होईना.

शेवटी यजमान पुढे झाले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं, तेव्हा कुठं ते रडले.