बोलावलेल्याची पाठवणी

अखिल मानवजातीच्या हितासाठी जाहीर करतो की, इंदिरानगरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी एक मांत्रिक पाहिला. होता सुरगाण्याकडचा जीपड्रायव्हर. नाव कधी विचारलं नाही. दुपारी येऊन पत्त्यांचा गेम खेळायचा. पत्ता टाकला की त्यातला राक्षस आपल्या बाजूने लढायचा. राक्षस एकेक झकास, पण लढाई संपेपर्यंत गेम सेव्ह व्हायचा नाही. राक्षसाचं काम झालं की हा हात जोडायचा, "जा बाबा, आपल्या घरी जा." मी खिदळायचो.

एकदा आम्ही दोघंच होतो. राक्षस स्क्रीनवर असतानाच लाईट गेली. मी चाचपडत दाराकडे निघालो. मागे कोणीतरी जड श्वास घेत होतं. ड्रायव्हरच असणार, म्हटलं. तेवढ्यात तो समोरून, दाराजवळून ओरडला, "दार उघडू नका भाऊ, त्याला अजून माघारी धाडला नाय."