छत दाखवा, अप्पा!

फ्रिजचे काय किस्से होणार, असं आम्हालाही वाटायचं. आता बंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या बिल्डिंगमधली मराठी मंडळी चहाला बसली, की एक किस्सा संपायच्या आत दुसरा तयार असतो!

सुरुवात किरणने केली. किरण पुण्याचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. आपोआप बर्फ करणारा मोठा फ्रिज त्याने हौसेने घेतला. त्याच्या मागची पाण्याची बारीक नळी फुटली आणि खालच्या शिंदे अप्पांचं छत गळलं.

अप्पांचा मुलगा राजू हैदराबादला. त्याने फोनवर बजावलं, "पुन्हा गळलं तर तिकीट काढतो. तुम्ही इकडेच यायचं."

अप्पांचा जन्मच बंगळूरचा. काकू गेल्यापासून एकटे असले तरी इथे रमलेले. ते पार रडवेले झाले. म्हणून निघाली आमची नळी कमिटी!

*

समोरच्या सुलोचनाअक्कांकडेही तसलाच फ्रिज. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांनी तो ओढून मागची जागा लख्ख केली, हळदकुंकू लावलं, हार घातला आणि परत भिंतीला घट्ट चिकटवला. नळी चेपलीच!

किरण म्हणाला, "अक्का, मागे वीतभर जागा सोडा. नळी दुमडली की चिरते."

"सरी, बरं, सोडते की. पण जागा दिसली की आमचे हे तिथं रद्दी कोंबतात, त्यांना कोण सांगणार?"

किरणने फ्रिजमागे गणपतीचं कॅलेंडर टांगलं. आता कोंबा म्हणावं!

*

गावाला जाताना नळीचा कॉक बंद करायचा, हाही कमिटीचा नियम. फ्रिज आमचाही तसलाच. आम्ही बेळगावला निघालो, तेव्हा आमच्या ह्यांनी ते काम मोठ्या जबाबदारीने केलं. तुमकूर येतंय तोवर अक्कांचा फोन.

"तुमच्या फ्रिजचं पाणी बंद झालं का, ठाऊक नाही. माझी आंघोळ मात्र अर्ध्यात बंद झालीय!"

ह्यांनी पाइपांच्या डक्टमधला अक्कांच्या घराचा कॉक फिरवला होता.

*

किरणने तर फ्रिजखाली पाण्याचा अलार्म बसवला. ओल लागली की थेट मोबाईलवर शंख! तो वाजला मीटिंगमध्ये. बिचारा अप्पांच्या काळजीने सगळं टाकून ट्रॅफिकमधून धापा टाकत घरी आला.

कामवाल्या मंजुळाअक्का ओलं फडकं हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. "लादी पुसायची की नको, तेवढं सांगा!"

*

आणि परवाचा रविवार. किरणने नवी नळी घातली, पण जोडाचा नट जरा ढिला राहिला. अप्पांच्या छतावर ताटाएवढी ओल! कॉक बंद केला, पण ओल थोडीच लगेच वाळते? त्यात राजूच्या व्हिडिओ कॉलची वेळ झालेली. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "छत दाखवा."

अप्पा नुसते भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बघत बसले.

"उठा अप्पा!" सुलोचनाअक्का म्हणाल्या. किरणने अप्पांची खुर्ची उचलली, मी काकूंचा फोटो घेतला आणि अप्पांना आमच्या बेडरूममध्ये आणून बसवलं. मागे फोटो टांगला. आम्ही सगळे कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून.

फोन आला. अप्पांनी आमचं कोरडं छत दाखवलं, मग चारी भिंती दाखवल्या, कपाट दाखवलं.

राजू म्हणाला, "छत छान आहे, अप्पा. कपाटाच्या आरशात दिसताहेत त्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. तिकीट नाही काढत मी."