आतून कडी

आमची आत्या रविवारी घरं बघायची. घ्यायची नाही, नुसती बघायची. कुणी रविवारी झोपा काढतं, कुणी बागेत जातं, हिचं हे.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला. कुठल्याही नाकावर कुठलीही फ्रेम चढवून "अगदी तुमच्यासाठीच केलीय" असं म्हणण्यात तिची हयात गेलेली, त्यामुळे थाप मारताना तिची पापणीसुद्धा हलत नसे. दुकानाच्या मागेच शहरातली ती मिजासखोर वस्ती. रुंद फुटपाथ, दोन्ही बाजूंना झाडं, कोपऱ्यावर बेकरी, पलीकडे वाचनालय, सगळं पायी. भाडं ऐकून मात्र घाम फुटायचा. तिथे आत्या कधी जहाजाच्या कप्तानाची बायको व्हायची, कधी परदेशातून परतलेली प्राध्यापिका. नळ सोडून बघायची, कपाटं उघडायची, एजंटने आणलेली कॉफी प्यायची आणि शेवटी नाक मुरडायची, "छान आहे हो, पण आमचा पियानो काही या दारातून जायचा नाही."

एजंटचे बूट इतके लखलखीत असत की आत्या त्याला चकचकीतच म्हणायची. त्यालाही तिचे सगळे चाळे ठाऊक झाले होते.

घरी आत्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची. बाबांचा, म्हणजे तिच्या भावाचा, टीव्ही बंद झाला की तिची रात्र सुरू. कपडे बदलायला बाथरूम, रडायला गच्ची.

मग एका रविवारी चकचकीतने सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली दाखवली. एवढीशी, तिच्या पगारात जेमतेम बसणारी. आत्या आत गेली, दार लोटलं, कडी लावली आणि बाहेर यायचं नावच घेईना. एजंट दार वाजवून दमला तेव्हा बाहेर आली.

"ही मला हवी."

"आज कोण आहात मावशी? राजदूत?"

"चष्म्याच्या दुकानात काम करते. एकटी आहे. खोली हवीय."

"ही भूमिका काही जमली नाही हं," असं म्हणून तो हसत जिना उतरला.

इथे आत्याची सटकली. पुढच्या रविवारपासून चकचकीत ज्याला खोली दाखवून खाली पाठवी, त्याला जिन्यात भाजीची पिशवी घेतलेली एक हसतमुख बाई भेटू लागली.

"बघितलीत ना खोली? घ्याच! मी शेजारीच राहते. हल्ली गाणं शिकतेय. पहाटेच बसते. भिंती पातळ आहेत, तुम्हाला अगदी स्वच्छ ऐकू येईल." आणि लगेच वानगीदाखल एक तान. आत्याचा आवाज मी ऐकलाय. जोडपी पायऱ्या गाळत पळायची. एक तरुण मात्र गाण्यालाही बधेना, तेव्हा तिने "एकटेच का? माझी भाची लग्नाची आहे!" असं म्हणत त्याच्या दंडाला धरलं. ती भाची म्हणजे मी. तो तर पिशवीला अडखळत पळाला.

शेवटी एकदा चकचकीत वरून कुलूप लावून लवकर उतरला आणि त्याने तान ऐकली. तो रागावला नाही, पायरीवर मटकन बसलाच.

"मावशी, खोली पडून आहे. मालकाने माझं डोकं खाल्लंय. तुम्हाला हवंय तरी काय?"

"सांगितलं होतं. तू हसलास." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला आणखी राग आला. "एवढं वय झालं, पण झोपायच्या खोलीला आतून कडी कशी लावतात, ते माहीत नाही रे मला!"

त्याने बुटावरची धूळ बोटाने पुसली. "आणि हीसुद्धा थाप असली तर?"

"असली तर असली. गाऊ का पुढे?"

त्याने किल्ली काढून दिली.

बाबा आठवडाभर फुगून होते. बहिणीला घराबाहेर काढलं असं लोक म्हणतील, हा एकच घोशा. मग तिची सोफ्यावरची उशी काखेत मारून निघाले, मी सोबत. वर पोचल्यावर त्यांनी सवयीने दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं.

"कोण आहे?"

"अगं, मी!"

"थांब जरा."

आत पाण्याचा आवाज नाही, भांड्याचा नाही. बाबा ताटकळले. "करतेयस तरी काय एवढं?"

"काही नाही. बसलेय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबत जिन्याकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी उशी दुसऱ्या काखेत घेतली, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहिणीच्या दारावर हळूच टकटक केलं.