काळा पडदा आणि नानांचं पाठांतर

आमच्या घरात कॉम्प्युटर दुरुस्त करता येणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे कॉम्प्युटरला जन्मात एकदाही हात न लावलेले माझे वडील, नाना.

नाना ब्रह्माघाटावर मुलांना वेद शिकवायचे. मी बँकेत. आमच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरची प्लास्टिकची टोपी काढायचा मान मला मिळाला होता, त्यामुळे नव्वदच्या दशकात घरात या विषयातला तज्ज्ञ मीच! माझी बायको सुलभा घाटांवरच्या शिलालेखांवर पीएच.डी. करत होती. तिच्यासाठी मी एका मोडीत निघालेल्या छापखान्यातून जुना कॉम्प्युटर उचलून आणला. तो इतका म्हातारा की नवी भारदस्त सिस्टिम टाकली की नुसता धापा टाकायचा. शेवटी लंकेवरच्या कॉम्प्युटर क्लासातल्या पांडेनं (लंका म्हणजे विद्यापीठाजवळचा मोहल्ला, रावणाशी संबंध नाही) त्यात एक हलकी, बारकी सिस्टिम घालून दिली. फ्लॉपीचा कप्पा तेवढा कायमचा मिटला होता. पण प्रिंटर चालत होता, आणि आम्हाला आणखी काय हवं होतं?

प्रबंधाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. शेवटचं प्रकरण आत टाइप होऊन पडलेलं, फक्त छापायचं बाकी. बाइंडर संध्याकाळी कागद न्यायला येणार होता. सुलभा चहा टाकायला उठली आणि मी तिच्या खुर्चीत बसलो.

पडद्यावर अक्षरं भलतीच मोठी दिसायची. ओळ सुरू व्हायची आणि तिचं शेपूट पडद्याबाहेर! म्हटलं, बिचारीला जरा सोय करून देऊ. शोधत शोधत मी रिझोल्यूशन नावाच्या जागी पोचलो. तिथं आकड्यांच्या जोड्या होत्या. मी बँकेतला माणूस. मोठा आकडा तो चांगला, या हिशेबानं सगळ्यात मोठा निवडला आणि एंटर दाबलं.

पडद्यावर आडव्या रेघा धावल्या, मॉनिटर कळवळला, आणि सगळं काळं.

"अहो, लाइट गेली का?" सुलभा आतून.

"नाही."

"मग?"

"काही नाही. तू चहा बघ."

ती चहा न बघता बाहेर आली. मग जे झालं ते मी लिहीत नाही. (माझ्या बायकोचं हिंदी फार चांगलं आहे, एवढंच सांगतो.) मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळाच! मॉनिटरला चापट मारली. काळाच! सुलभाचे डोळे भरून आले, आणि मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. तिची कित्येक वर्षं त्या डब्यात होती, आणि झाकण मी लावलं होतं.

मी गल्लीच्या तोंडाशी पीसीओवर धावलो. नाना संध्येला पंचगंगा घाटावर निघाले होते. रस्ता तोच, म्हणून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"अरे भइया, घबराइए मत," फोनवर पांडे म्हणाला. "मशीन जिंदा है, बस मॉनिटर अंधा हो गया. इतना बड़ा नंबर ऊ दिखा ही नहीं सकता. मशीन फिर से चालू करके बिना देखे बटन दबाइए. हम अपनी मशीन पर देख के बोलते हैं."

लाइनीत खरखर फार, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द मी मोठ्यानं परत म्हणत होतो. पीसीओवाल्याच्या पेनाला दोरी होती, शाई नव्हती. म्हटलं, एवढंसं तर आहे, राहील लक्षात!

परतताना गल्लीत सांड आडवा उभा. त्याची मर्जी होईपर्यंत थांबलो. घरी पोचलो तेव्हा मला दोनच गोष्टी आठवत होत्या: 'एफ दहा' आणि 'घबराइए मत'.

"विन्या, मला सगळं आठवतंय," मागून नाना म्हणाले. संध्या सोडून ते माझ्यामागे आले होते! "एकदा ऐकलं की झालं. लाव ते यंत्र."

नाना पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसले. कॉम्प्युटर पश्चिमेला होता, पण त्याला इलाज नव्हता. मी बटणांवर बोटं ठेवली. नानांनी खणखणीत सुरू केलं:

"एफ-दहा उजवा! उजवा उजवा! उजवा खाली! खाली एंटर! एंटर टॅब! टॅब वर! वर एंटर! एंटर इत्येंटर!"

मी ऐकेन ते दाबत गेलो.

"नाना, हे इत्येंटर कुठलं बटण?"

उत्तर प्रिंटरनं दिलं. तो दचकून जागा झाला आणि करकरत कोरे कागद ओकू लागला.

"माझा कागद!" सुलभा ओरडली. "अहो, प्लग काढा!"

मी प्लग काढला. नाना शांत. "मी एक अक्षर चुकलेलो नाही. याच्या बोटांत दोष आहे."

सुलभा एकदम थांबली. रोज सकाळी नानांच्या शिष्यांचा घोष ऐकत पोळ्या लाटणारी बाई ती. "नाना, तुम्ही क्रमपाठ म्हणालात का?"

"मग? पाठ पक्का राहावा म्हणून प्रत्येक शब्द पुढच्याशी जोडून पुन्हा म्हणायचाच असतो, आणि शेवटचा 'इति' लावून. हे सगळ्यांना ठाऊक असतं." मग माझ्याकडे बघून, "जे पाठशाळा सोडून घाटावर क्रिकेट खेळत नव्हते, त्यांना."

म्हणजे जवळजवळ प्रत्येक बटण मी दोनदा दाबलं होतं!

"नाना, आता सरळ पदपाठ म्हणा. एकेक शब्द, एकदाच," सुलभा म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "आणि तुम्ही उठा."

मी उठलो. ती बसली. यंत्र पुन्हा चालू झालं, आणि अंधारात नानांचा आवाज घुमला: "एफ-दहा. उजवा. उजवा. खाली. एंटर. टॅब. वर. एंटर."

मॉनिटर खाकरला. रेघा धावल्या. आणि काळ्या पडद्यावर ती आमची जुनी, जाडजूड, शेपूट तुटलेली अक्षरं उगवली! इतकी सुंदर अक्षरं मी आयुष्यात पाहिली नव्हती. सुलभा रडता रडता हसत सुटली आणि नानांच्या पाया पडली. मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं "हर हर महादेव!" ठोकलं. नाना उपरणं झटकून संध्येला निघाले. जाताना मॉनिटरकडे बघून एवढंच म्हणाले, "शिष्य बरा आहे. एकदा सांगितलं की करतो."

बाइंडर आला तेव्हा शेवटचं पान प्रिंटरमधून निघत होतं. प्रबंध वेळेत गेला, सुलभा डॉक्टर झाली. त्या संध्याकाळी तिनं घाईघाईनं जोडलेलं आभाराचं पान आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणालाही पाहता येतं. त्यात तांत्रिक मार्गदर्शनाबद्दल पूज्य सासऱ्यांचे आभार मानले आहेत. आणि त्याखाली, ऐन वेळी खुर्चीतून उठल्याबद्दल, माझे.