सत्तर ग्रॅमची कॉफी

आमचं दुकान काटेदुरुस्तीचं. किराणावाल्यांचे, सोनारांचे, औषधवाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, सगळ्यांचे वजनकाटे आमच्याकडे येतात आणि रद्दीवाल्यांचे सोडले तर बाकीचे खरोखरच बिघडलेले असतात. मी स्प्रिंगच्या काट्यांवर बसते. माझ्या शेजारच्या टेबलावर रतीकाका. हे त्यांचं नाव नव्हे. रतीभर फरकही त्यांना सोसत नाही म्हणून कुणीतरी कधीतरी ठेवलं आणि ते इतकं बसलं की आता काकूसुद्धा फोनवर "रतीकाका आहेत का" असंच विचारतात.

अंगाने काडी, आवाज मात्र भारी. शर्टाच्या खिशात कायम पितळी चिमटा. बारीक वजनं बोटांनी उचलायची नाहीत, घाम लागतो आणि वजन वाढतं, असा आमच्या धंद्याचा नियम. काकांनी तो डब्यातल्या मिरचीलाही लावला होता. गिऱ्हाईक काटा घ्यायला आलं की त्याला उभं करून ते एक धडा द्यायचे: आधी रिकामं पारडं बघा, मग भरलेलं. रिकाम्या पारड्यांना काटा सरळ उभा राहत नसेल तर पुढचं सगळं वजन म्हणजे नुसती थाप. हा धडा मी पंधरा वर्षांत इतक्या वेळा ऐकला की झोपेत म्हणून दाखवीन. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करायची.

पण हे व्यक्तिचित्र लिहायला बसले ते काट्यांमुळे नाही, कॉफीमुळे.

दुकानात आम्ही नऊ जण. पूर्वी समोरच्या इमारतीतल्या यंत्रातून कॉफी आणायचो. त्या यंत्राला एक बटण कॉफीचं होतं आणि एक सूपचं, आणि दोन्हींतून येणाऱ्या पदार्थांत फरक एवढाच की सूप जरा कोमट असायचं. किंमत मात्र अशी, की पिताना आदर वाटावा. एके दिवशी काकांनी पेला अर्धाच ठेवला, म्हणाले की याच्यापेक्षा मी चांगली करतो आणि तीही निम्म्यात, आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखर करायला लागले.

त्यांची युक्ती साधी होती. घाऊक बाजारात बिया निवडताना तुटलेल्या बिया वेगळ्या पडतात. माल तोच, झाड तेच, फक्त दिसायला वाईट म्हणून भाव निम्मा. काका त्या कच्च्याच आणायचे आणि रविवारी सकाळी गच्चीवर लोखंडी कढईत भाजायचे. गच्चीवर, कारण काकू चहाच्या. कॉफीला त्यांनी घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. दळायचं हातयंत्रावर, रोजच्यापुरतं, जाडसर. पाणी उकळून खाली उतरवायचं आणि बुडबुडे बसेपर्यंत थांबायचं. पूड त्यात चार मिनिटं, मग जाड सुती कापडाच्या पिशवीतून गाळायचं. ती पिशवी साबणाने धुवायची नाही, नुसत्या पाण्याने. मी एकदा प्रेमाने साबण लावला तर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. आणि पूड नऊ जणांना सत्तर ग्रॅम. एकोणसत्तर नाही, एकाहत्तर नाही. त्यासाठी एका औषधवाल्याने सोडून दिलेला जुना दोन पारड्यांचा काटा त्यांनी खिडकीत ठेवला होता आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

कॉफी चांगली होती. सहा वर्षांपूर्वी ती आणखी चांगली झाली. एकदम, एका सोमवारपासून. सगळ्यांनीच विचारलं तेव्हा काका म्हणाले की पाणी आता आधीपेक्षा अर्धं मिनिट जास्त निववतो. त्यावर त्यांचं एक छोटं भाषणही तयार झालं. पाण्याचा स्वभाव, घाईची माणसं, वगैरे. आम्ही ते कॉफीबरोबर गिळायचो.

काकांना एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटल्यावर दुकानात यायची आणि काकांच्या पेल्यातली अर्धी कॉफी प्यायची. पुढे एका कारखान्याच्या तपासणी विभागात पक्क्या नोकरीला लागली. काकांना त्या नोकरीचा फार अभिमान. मुलगी तपासणीत आहे, हे ते काटा घ्यायला आलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. गेल्या वर्षी तिने ती नोकरी सोडली आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलात, औषधाचं दुकान आणि जिना यांच्या मधल्या जागेत कॉफीचा काउंटर टाकायचं ठरवलं. वाट बघत बसलेल्या माणसांना परवडेल अशी चांगली कॉफी. म्हणजे काकांचीच. हॉस्पिटलच्या मॅनेजरने एक महिना बघू म्हणून जागा दिली होती. चाललं तर ठीक, नाहीतर तिथे चष्म्याच्या फ्रेमांचं कपाट यायचं होतं.

काकांनी कडाडून विरोध केला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे त्यांनी तिला किमान पाच वेळा ऐकवलं. ती बधली नाही. शेवटी काकूंनी सांगितलं म्हणून त्यांनी सगळी कृती कागदावर लिहून दिली, टपोऱ्या अक्षरात, मिनिटं आणि ग्रॅमसकट. दिली, पण तिच्याकडे न बघता, टेबलावर सरकवून.

पहिल्या आठवड्यात लोकांनी कौतुकाने घेतली. दुसऱ्या आठवड्यात नर्सा पुन्हा दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्राकडे जायला लागल्या. मी मुद्दाम जाऊन पिऊन आले. वाईट नव्हती, पण मिळमिळीत होती. बिया त्याच, पिशवी तशीच, वेळ घड्याळ लावून. तरी आमची कॉफी ती नव्हेच. मी परत येऊन काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, काटा खराब असणार. तिने बटणांचा नवा काटा घेतलाय, असले काटे म्हणजे खेळणी. त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधानच दिसलं आणि त्याबद्दल मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मखमलीच्या खणांची वजनांची पेटी घेतली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो. काउंटरवर गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी चिमट्याने दहा ग्रॅम ठेवलं, काट्याने दहा दाखवले. वीसला वीस, पन्नासला पन्नास. त्यांनी पुन्हा केलं. मग काटा उचलून दुसऱ्या फळीवर ठेवून तिसऱ्यांदा केलं. काटा काही केल्या खोटं बोलेना.

लेक हाताची घडी घालून हे बघत होती. ती हळू आवाजात बोलली, म्हणून जास्त लागलं.

"बाबा, एक विचारू? कागदावर सगळं खरं लिहिलंय ना तुम्ही?"

"म्हणजे?"

"तुम्हाला नकोच होतं हे. मी परत नोकरीवर जावं असंच वाटतं ना तुम्हाला?"

काकांनी एकेक वजन पेटीत ठेवलं. तिने परत नोकरीवर जावं असं त्यांना खरंच वाटत होतं. पण कागद खरा होता. पस्तीस वर्षांत या माणसाने कुणाला चुकीचं वजन सांगितलं नव्हतं आणि आता पोटची मुलगी त्यांना मापात पाप केल्याचं विचारत होती. निघताना त्यांनी तिचा काटा मागितला. आतून बघून उद्या आणून देतो म्हणाले. तिने देऊन टाकला.

दुकानात आल्यावर कॉफीची वेळ झाली होती. काकांनी नेहमीसारखी डब्यातून पूड काढली. पूड मोजायची वाटी डब्यातच असते. ती भरून डाव्या पारड्यात ठेवायची, उजवीकडे सत्तर ग्रॅमची वजनं. उजव्या पारड्याखाली वाटीच्या वजनाइतकं शिसं लावलेलं आहे, म्हणजे वाटीचं वजन आपोआप वजा होतं. काटा सरळ उभा राहिला. काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वाटीतली पूड कागदावर ओतली, उजवीकडची वजनं काढली आणि रिकामी वाटी परत पारड्यात ठेवली.

उजवं पारडं खाली गेलं.

मी जागेवरून उठले. हा धडा आम्हाला सगळ्यांना पाठ होता. काकांनी कागदावरची पूड दुकानातल्या सगळ्यात भरवशाच्या काट्यावर घातली. चौऱ्याऐंशी ग्रॅम.

मग आठवलं. पूर्वी ती वाटी पितळेची होती. सहा वर्षांपूर्वी तिचं बूड चिरलं आणि काकांनी घरून त्याच मापाची ॲल्युमिनियमची वाटी आणली. पितळेपेक्षा चौदा ग्रॅमने हलकी. शिसं मात्र पितळी वाटीचंच राहिलं. वाटी नेहमी भरूनच पारड्यात जायची, त्यामुळे रिकामं पारडं बघायचा प्रसंगच आला नाही. म्हणजे सहा वर्षं आम्ही सत्तर म्हणून चौऱ्याऐंशी ग्रॅमची कॉफी पीत होतो आणि श्रेय पाण्याच्या स्वभावाला देत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्या दिवशी कॉफी झालीच नाही. कुणी मागितलीही नाही.

सगळे घरी गेले. मी एका स्प्रिंगचं निमित्त करून थांबले, कारण काका हलत नव्हते. त्यांच्यासमोर लेकीचा काटा होता. या बटणांच्या काट्यांचं एक असतं. ठरावीक बटण दाबून धरलं की काटा म्हणतो, माझ्यावर शंभर ग्रॅम ठेव. तुम्ही जे ठेवाल त्याला तो शंभर समजतो आणि पुढे आयुष्यभर त्याच हिशोबाने बोलतो. काकांनी बटण दाबलं होतं. पारड्यावर शंभर ग्रॅमचं वजन ठेवलेलं होतं. आणि चिमट्यात वीस ग्रॅमचं वजन धरून ते बसले होते.

मला गणित जमतं. एकशेवीसला शंभर म्हणणारा काटा चौऱ्याऐंशीला सत्तर म्हणेल. उद्या काटा परत जाईल, आत बिघाड होता, काढला, एवढं सांगायचं. कॉफी सुधारेल. काउंटर राहील. कागद खरा, बाप खरा, मुलीलाच वाटेल की आपण उगाच संशय घेतला. जगात एकाचंही नुकसान नाही. अशा कामासाठी आमच्याकडे किती रद्दीवाले पाकिटं घेऊन आले आणि काकांनी त्यांना पायरीवरून खाली उतरवलं, ते मी बघितलेलं आहे. मी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, ठेवा काका, ठेवून टाका.

अर्ध्या तासाने त्यांनी वीसचं वजन पेटीत ठेवलं. काट्याला शंभरच मान्य करायला लावलं, तो बंद केला आणि मला म्हणाले, "अगं, चल जरा माझ्याबरोबर. मला एकट्याला जमणार नाही."

हॉस्पिटलात संध्याकाळची तपासणी चालू होती. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं बाकांवर ओळीने बसली होती. काकांनी काटा काउंटरवर ठेवला.

"तुझा काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "माझा चुकीचा होता. सहा वर्षं. सत्तर नाही, चौऱ्याऐंशी घालायची."

वाटी, शिसं, सगळं त्यांनी सांगितलं, काही न गाळता. मुलगी ऐकत राहिली. काउंटरवर कोपर टेकून तिने विचारलं, "मग माझा काटा कशाला नेला होतात?"

"तेव्हा बघायलाच नेला होता. नंतर खोटा करणार होतो."

"माझा?"

"म्हणजे माझी चूक तुला कळली नसती."

"आणि कॉफी चांगली झाली असती, तर नंतर कधीतरी सांगितलं असतं मला?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस हो म्हणेल. एवढं खोटं चालतं, त्याला कुणी पाप म्हणत नाही.

"नाही," काका म्हणाले. "कधीच नसतं सांगितलं."

मुलीने काट्यावर वाटी ठेवली, वाटीसकट काटा शून्यावर आणला आणि पूड घालायला लागली. चौऱ्याऐंशीला हात थांबवला. चार मिनिटं आम्ही तिघं घड्याळाकडे बघत उभे होतो. गाळलेली कॉफी तिने आधी स्वतः चाखली, अगदी थोडी. तिचा चेहरा शाळा सुटून दुकानात यायची तसा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"बाबा, बसा," ती म्हणाली. "उभ्याने पिऊ नका."

महिन्याभरात ती त्यांना पहिल्यांदा बसा म्हणाली होती. काका दोन पट्टीवाल्यांच्या मध्ये, मांडीवर वजनांची पेटी घेऊन बसले. पेला दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. पण डोळ्यांच्या हॉस्पिटलात डोळ्यांतून पाणी येणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. एक नर्स घाईघाईने चालली होती, तिने जाता जाता त्यांच्या हातात कापसाचा बोळा दिला आणि चोळू नका म्हणून सांगितलं.